खालचं पाणी

माझ्या साडूंनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्याबद्दल माझ्या हातून दोन बरे शब्द लिहिले गेले तर माझी तक्रार मिटली असा अर्थ कुणी काढू नये. मी गुरांचा हेडी. लोकांचे बैल घ्यायचे, लोकांना विकायचे, आणि मधल्या मधे आपलं घर चालवायचं. एका लंगड्या गोऱ्ह्यावर धंदा सुरू केला आणि रेणापूरच्या बाजारापासून लोह्याकडच्या जत्रेपर्यंत नाव केलं. देवणी असो की लालकंधारी, जनावराच्या दातांवरून त्याचं वय आणि मालकाच्या डोळ्यांवरून त्याची नड मी ओळखतो. आमचा सौदा तोंडानं होत नाही, रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली जातात, एकमेकांची बोटं धरतात आणि आकडा ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. त्या रुमालाखाली मला आजवर एकाही माणसानं गंडवलेलं नाही. अपवाद फक्त साडूंचा, आणि त्यांना तर त्या बोटांची भाषासुद्धा येत नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. आमचं गाव रेणा नदीच्या अलीकडं, त्यांचं पलीकडं. नदीच्या वाळूत ते टरबुजाची वाडी लावत. त्यांच्याइतका नदीशी बांधलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. माणसाला डावं-उजवं असतं, उगवत-मावळत असते. साडूंना यातलं काही नव्हतं. त्यांच्या दुनियेत दोनच दिशा: वरलं अंग, म्हणजे जिकडून नदी येते ते, आणि खालचं अंग, म्हणजे जिकडं ती जाते ते. पंगतीला माझ्या शेजारी बसले की म्हणायचे, "पाव्हणं, चटणी जरा वरल्या अंगाला सरकवा." कुठल्याही घरी गेले की आधी उंबऱ्यात उभं राहून पुसायचे, "नदी कुणीकडं?" ते कळल्याशिवाय टेकायचे नाहीत. एकदा गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणता गुडघा? साडू म्हणाले, "खालच्या अंगाचा." डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे खालच्याच अंगाला असतात, बाबा. मग साडूंनी नदी कुणीकडं ते विचारून घेतलं आणि त्या हिशोबानं एक गुडघा दाखवला. डॉक्टरांनी तपासायला त्यांना बाकावर उलटं बसवलं आणि पुन्हा विचारलं, तर त्यांनी दुसराच दाखवला. बसण्याची दिशा फिरली तसा खालच्या अंगाचा गुडघाही बदलला होता. शेवटी डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांना औषध लिहून दिलं, आणि दोन्ही बरे झाले.

सकाळी उठून ते नदीवर जायचे आणि पाण्याकडं बघून म्हणायचे, "हायस का?" मग थोडं थांबून मान हलवायचे आणि कामाला लागायचे. नदीला पूर आला असेल तर दिवसभर हळू आवाजात बोलायचे. कामून, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "ती बोलून राहिली, आपुन मधी बोलू न्हाई." वाळूत ते पायात काही घालत नसत. तळपायाला गारवा लागला की उभे राहायचे, टाचेनं खूण करायचे, आणि तिथं उकरलं की हातभरावर पाणी लागायचं. नदीतला असा खड्डा म्हणजे झिरा. मूठभर वाळू डोळ्यासमोर धरून ती कोणत्या वळणावरची आहे ते त्यांना सांगता येई. मी एकदा परीक्षा घ्यावी म्हणून आमच्या ओसरीच्या कामासाठी आणलेली वाळू दाखवली. त्यांनी ती बघितली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "हिला परत नेऊन टाका, ही लई दुरून आलीय."

आणि घासाघीस. तिथंच तर माझं आणि त्यांचं पहिल्यापासून बिनसलं. वाडीवर गिऱ्हाईक आलं आणि भाव करू लागलं की साडू टरबूज त्याच्या हातात देऊन दुसऱ्या वेलाकडं निघून जायचे. मीही एकदा भाव केला. मला वाटलं नातं आहे, तासभर तरी रंगेल. त्यांनी माझ्या एका काखेत एक आणि दुसऱ्या काखेत एक टरबूज दिलं आणि म्हणाले, "घरी न्या, पोरं खातील." दोन टरबुजं फुकट घेऊन मी दिवसभर लुटला गेल्यासारखा हिंडलो. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याशी माणसानं सौदा तरी कसा करायचा?

आता फसवणुकीची गोष्ट.

आपला लातूर जिल्हा नवा झाला त्या वेळची. नव्या जिल्ह्याची शीव नदीवर आली. आमचं गाव नव्यात गेलं आणि साडूंचं जुन्यातच राहिलं. आमच्याकडं गूळ वाटला. पलीकडच्या बाया वाळूत धुणं धुताना आमच्या बायांना म्हणाल्या, "आता तुमी परमुलखातल्या, साबण उसना देऊ का नको ते पुसून येतो." माझी बायको घरी येऊन रडली. थोरली बहीण परजिल्ह्यात गेली म्हणाली. अक्का म्हशीला हाक मारतात ती आमच्या चुलीपर्यंत ऐकू येते, पण तिचं रडं काही थांबेना.

पाठोपाठ दुष्काळ आला. संक्रांतीपर्यंत नदीचं वाहणं थांबलं, होळीपर्यंत डबकीही आटली. दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं की पाण्यावरून डोकी फुटण्याआधी वाटणी करून कागद करावा. बोलणी करायला आमच्या गावानं मला पाठवलं. दुसरं कुणाला पाठवणार? पलीकडून साडू आले. त्यांना बघून मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन धुतलेला रुमाल घेऊन आलो.

नदीच्या मधोमध वाळूवर बसलो. भोवती दोन्ही गावं उभी. शाळेचे मास्तर कागद घेऊन तयार. मी दुपारपर्यंत बोललो. नदीचं बोललो, पूर्वजांचं बोललो, नात्याचं बोललो. आणि मनात धरलेला डाव मग टाकला. वरती, वाळूच्या पृष्ठभागावर, तर थेंब नव्हता. जे काही होतं ते खाली, वाळूच्या पोटात. म्हणून मी हळूच म्हणालो, "असं करू साडूभाऊ. तुम्ही थोरले. वरचं पाणी सगळं तुमचं. आम्ही आपलं खालचं घेतो."

साडूंनी वरल्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर माझी काळजी दिसली. "पाव्हणं, खालचं घेऊन काय करताल? पुन्यांदा इचार करा."

मला वाटलं, चाचपून बघतात. "एकदा बोललो ते बोललो."

"गावाला तरी पुसा."

"गाव माझ्या शब्दाबाहेर नाही."

"बरं," ते म्हणाले. "तुमची मर्जी. मंजूर."

मास्तरांनी लिहिलं: वरचे पाणी पलीकडील गावाचे, खालचे पाणी अलीकडील गावाचे. मी सही ठोकली. साडूंनी अंगठा दिला. गावात परतल्यावर मी डाव उलगडून सांगितला, तेव्हा लोकांनी माझ्यापुढं नारळ फोडला. सगळी नदी आपली केली म्हणून म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली. कागदाची नक्कल मी स्वतः कचेरीत नेऊन दिली आणि पोच घेऊन आलो. पोच घेण्याच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

चैत्रात आमच्या विहिरींनी तळ दाखवला. मी नदीवर गेलो तर वरच्या वळणावर, जिथं वाळू पुरुषभर खोल आहे, तिथं पलीकडच्या लोकांनी ओळीनं झिरे काढलेले. साडू एका झिऱ्याशी बसून करवंटीनं घागर भरत होते. माझं डोकं फिरलं.

"साडूभाऊ, हे खालचं पाणी. हे आमचं."

"खालचं कसं? ह्ये वरल्या अंगाचं हाय. खालचं अंग तिकडं." त्यांनी बोट दाखवलं. नदीच्या उताराला, वळणापुढं, उघडा काळा कातळ पसरला होता. त्यात बेडकाला पुरेल इतकंही पाणी नव्हतं. "म्हणूनच तर तुमाला दोनदा पुसलं."

"खाली म्हणजे खाली. वाळूच्या खाली!"

साडू माझ्याकडं बघतच राहिले. "वाळूखाली तर सगळंच पाणी असतंय, पाव्हणं. त्याची वाटणी कशी करताल? आमाला काय ठिवलं मग?"

 आमाला काय ठेवलं, हे विचारण्यात रागही नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

मी तडक कचेरीत गेलो आणि टँकर मागितला. कारकुनानं फाईल काढली आणि मीच दिलेली नक्कल माझ्यापुढं ठेवली. "तुमच्या गावाला खालचं पाणी आहे की. सही तुमचीच ना?" सही माझीच होती, आणि ठसठशीत होती. टँकर मिळाला नाही. गावात लोक बोचकी बांधायला लागले. माझ्या घरची देवणी जोडी रिकामा हौद चाटायची. नारळ फोडणारे लोक आता माझ्या दारावरून बोलत जायचे, "वाळूच्या पोटातलं पाणी आपलं हाय, फकस्त नदीला ते ठावं न्हाई."

मग मी चूक केली. कागद खिशात घालून गावातले दहा गडी घेतले, फावडी घेतली आणि वरच्या वळणावर गेलो. भांडण होणार म्हणून सगळे तयारीत होते. साडू म्हणाले, "काढा. पाणी कुणी अडवलंय?" आम्ही फावड्यांनी मोठा खड्डा पाडला. पाणी दिसलं, गडी ओरडले, आणि चारी बाजूंनी वाळू ढासळून आत आली. दुसरा पाडला, तोही बुजला. तिसऱ्याच्या वेळी चिखल झाला आणि पलीकडच्यांचा जवळचा झिराही गढूळ झाला. काठावरून एक म्हातारी म्हणाली, "आता गं, नव्या जिल्ह्यात पाणी फावड्यानं काढतेत व्हय?" दोन्ही काठांवर हसू फुटलं. आमचे गडीही हसले. साडू तेवढे हसले नाहीत. गढूळ पाण्याजवळ बसून ते म्हणाले, "ती घाबरली. आज राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा गेलो. साडू तुरीच्या काड्यांचं कडं विणत बसले होते. बिनबुडाच्या टोपलीसारखं. ते झिऱ्यात उतरवलं की वाळू बाहेर राहते आणि पाणी आत येतं. एवढीच ती विद्या, आणि आमच्या दहा गड्यांत एकालाही माहीत नव्हती. मी शेजारी बसलो. पाणी द्या, असं तोंडानं म्हणायचं होतं, पण मागण्याची सवय मला जन्मात नव्हती.  शेवटी मी तेच केलं जे मला येतं. खांद्यावरचा रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि हात त्याखाली घातला.

साडूंनी रुमालाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काड्या खाली ठेवल्या आणि आपला हात रुमालाखाली घालून माझा हात धरला. सगळी बोटं मिळून धरला.

आमच्या बाजारात पाचही बोटं धरली म्हणजे पाच. माझ्या डोक्यात चक्रं फिरली. पाच? घराला पाच घागरी! मी दोनावर राजी झालो असतो. चांगला आकडा आला की हेडी प्रश्न विचारत नाही. मी म्हणालो, "घराला रोज पाच घागरी. मंजूर."

साडूंनी एकदा झिऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "पाच? बरं. मंजूर."

मी गावात येऊन दवंडी दिली, रोज घराला पाच घागरी. कुणी विश्वास ठेवेना. पण त्याच दुपारी साडू काड्यांचे भारे घेऊन आमच्या काठावर आले आणि आमच्या लोकांना कडी विणायला बसवलं. फावडी लांब ठेवायला लावली. हातानं उकरायचं, कडं उतरवायचं, आणि पाणी येईस्तोवर गुमान बसायचं. "घाई केली की ती तोंड फिरवती," ते म्हणायचे. आमच्या एका गड्यानं विचारलं, करवंटी कोणत्या हातानं धरायची? साडू म्हणाले, "वरल्या अंगाच्या." तो गडी अर्धा दिवस नदीच्या कडेनं फिरून आपला हात शोधत होता.

मग काय सांगू त्या उन्हाळ्याचं! पंधरा झिरे चालले. एका ओळीत दोन जिल्ह्यांच्या घागरी. माझी बायको आणि अक्का समोरासमोर बसून घागरी भरायच्या आणि माझ्या डावपेचांवर हसायच्या. बांधलेली बोचकी सुटली. आजूबाजूची गावं रिकामी होत होती आणि आमच्याकडं एका लग्नाची तारीखसुद्धा पुढं गेली नाही. कुणीतरी वर कळवलं की या गावचे लोक परजिल्ह्यातलं पाणी उपसतात. नव्या जिल्ह्याचे साहेब जीप घेऊन आले. नकाशा उलगडून म्हणाले, हे पाणी नेमकं कोणत्या हद्दीतलं? गाव माझ्याकडं बघायला लागलं, मी खिशातला कागद शोधू लागलो. साडू पुढं झाले. साहेबांना आधी जागा बदलून वरल्या अंगाला तोंड करून बसवलं. मग दोन तांबे पुढं ठेवले. एक अलीकडच्या झिऱ्यातला, एक पलीकडच्या.

"साहेब, चवीवरून सांगा. तुमच्या जिल्ह्याचं कोंचं?"

साहेबांनी एक तांब्या संपवला. दुसराही संपवला. ऊन चांगलंच होतं. मग तोंड पुसून म्हणाले, "सांगता येत नाही."

"आमालाबी येत न्हाई," साडू म्हणाले. "म्हणून दोघं पितो."

साहेब हसले. नकाशाची घडी केली आणि जाताना एक घागर जीपमध्ये घेऊन गेले. दोन गावांनी मिळून एक कचेरी जिंकलेली मी आयुष्यात तेवढीच बघितली. पोळ्याला नदी गुडघाभर वाहत होती. माझी देवणी जोडी पुढं, अंगावर एक फासळी दिसत नव्हती. आमच्या गावानं साडूंना मान दिला आणि म्हटलं, बैलांच्या उजव्या बाजूनं चाला. साडू पाण्यात उभे राहून म्हणाले, "उजवी म्हणजे?" आणि भर मिरवणूक त्यांना दिशा सांगण्यात अडली.

याला आता कितीतरी वर्षं झाली. नदीवर बंधारा झाला, पाणी बारा महिने उभं असतं. वळणावरची वाळू ट्रकांतून गेली, झिरे गेले. साडू थकले, मुलानं त्यांना आणि अक्कांना लातूरला नेलं. चौथ्या मजल्यावर घर आहे. मागच्या महिन्यात भेटायला गेलो. साडू खुर्चीत बसले होते, आणि खुर्ची भिंतीकडं तोंड करून. सून म्हणाली, रोज खुर्ची फिरवतात, कुठं बसू ते त्यांना कळत नाही. मला बघताच त्यांनी विचारलं, "पाव्हणं, हितं वरलं अंग कुणीकडं?"

मला काय माहीत? पण मी बैलाचं वय सांगावं तसं ठामपणे स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. त्यांनी खुर्ची तिकडं फिरवली, आणि त्यांचे खांदे सैल झाले.

मग मी ती जुनी गोष्ट काढली. म्हणालो, "काहीही म्हणा साडूभाऊ, वाटणीत तुम्ही मला हरवलं, पण रुमालाखाली मी तुमच्याकडून पाच काढले."

"पाच कसलं?" ते म्हणाले. "मला काय ठावं तुमची बोटं? तुमी मागाया आलात आन् हात झाकून बसलात. म्हणून धरला."

"मग मंजूर कामून म्हणालात?"

"तुमी पाच म्हणलात. म्हणलं, पाच तर पाच."

अक्का चहा घेऊन आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आमच्या काठाला त्या उन्हाळ्यात घराला चारच आल्या. तुमाला पाच कबूल केल्या होत्या ना यांनी."

तेव्हापासून मला चैन नाही. जन्मात एकच मोठा सौदा जिंकलो असं मी चारचौघांत सांगत आलो, आणि समोरचा माणूस सौदा करतच नव्हता. याला फसवणूक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? साडूभाऊ, मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येतोय. रुमाल घेऊन येतोय. खुर्ची वरल्या अंगाला करून बसा की खालच्या, माझी हरकत नाही. पण मला जाब पाहिजे, आणि तो तुम्हीच द्यायचा: आमच्या दारात रोज आलेली ती पाचवी घागर तुम्ही कुणाची तहान मागं ठेवून भरली?